आइनस्टाइन यांचा धाकटा मुलगा : स्किझोफ्रेनिया कुठून येतो आणि पुढे काय होतं?

माझा दवाखाना कुरुळीत आहे, पुणे-नाशिक रस्त्यापासून जवळच. सर्दी-खोकला, शुगर, बीपी, कंपनीत मशीनवर लागलेलं बोट, असे पेशंट जास्त. पण दरवर्षी काही कुटुंबं वेगळ्याच काळजीने येतात. मुलगा एकवीस-बावीस वर्षांचा असतो, आयटीआय झालेला, चाकणच्या एखाद्या कंपनीत ट्रेनी. दोन-तीन महिन्यांपासून झोप नाही, एकटाच पुटपुटतो, सुपरवायझर आपल्यावर नजर ठेवायला माणसं पाठवतो असं म्हणतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवल्यावर स्किझोफ्रेनिया हे निदान होतं आणि घरचे परत माझ्यासमोर येऊन बसतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

गोळ्या कशा द्यायच्या हे विचारण्याआधीच कुणीतरी बोलून जातं की मुलाच्या आईचा मामाही असाच होता. आईची मान खाली जाते. आणि निघताना दारात थांबून वडील हळूच विचारतात, आम्ही गेल्यावर याचं कसं होणार?

तुमच्याही घरात हे दोन प्रश्न असतील, तर आज एका घराची गोष्ट सांगतो. त्या घरातल्या वडिलांना सगळं जग ओळखतं. मुलाचं नाव मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

हुशार आणि हळवा मुलगा

एडुआर्ड आइनस्टाइन याचा जन्म २८ जुलै १९१० रोजी स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात झाला. वडील अल्बर्ट आइनस्टाइन. आई मिलेव्हा मारिच या मूळच्या आजच्या सर्बियातल्या. झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्या आइनस्टाइन यांच्याच वर्गात भौतिकशास्त्र आणि गणित शिकल्या होत्या. थोरला मुलगा हान्स अल्बर्ट, धाकटा एडुआर्ड. घरात त्याला टेटे म्हणत.

टेटे लहानपणी सारखा आजारी पडायचा, पण फार हुशार होता. लहान वयातच पुस्तकात बुडालेला असायचा, पियानो चांगला वाजवायचा, पुढे कविताही लिहू लागला. १९१४ मध्ये आई-वडील वेगळे झाले. वडील बर्लिनला राहिले, आई दोन्ही मुलांना घेऊन झुरिकला परतली. १९१९ मध्ये घटस्फोट झाला, तेव्हाच असं ठरलं होतं की आइनस्टाइन यांना पुढेमागे नोबेल मिळालं तर त्याचे पैसे मिलेव्हा आणि मुलांसाठी असतील. १९२१ सालचं नोबेल त्यांना १९२२ मध्ये जाहीर झालं. त्या पैशांतून मिलेव्हांनी झुरिकमध्ये घरं घेतली. हे लक्षात ठेवा, या घरांचा विषय पुढे येणार आहे.

१९२९ मध्ये एडुआर्ड वैद्यकीय शिक्षणाला लागला. त्याला मानसोपचारतज्ज्ञ व्हायचं होतं. फ्रॉइड यांच्या लेखनाने तो भारावलेला होता. इतरांच्या मनाचे आजार बरे करायला निघालेल्या या मुलाच्या वाट्याला स्वतःलाच तो आजार आला.

विसाव्या वर्षी

१९३० च्या सुमारास, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याची लक्षणं ठळक झाली. आधी उदासपणा, मग अभ्यास सुटला, वडिलांना संतापाने भरलेली पत्रं जाऊ लागली. १९३२ मध्ये त्याला पहिल्यांदा झुरिकच्या बुर्गहोल्झली या मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं. निदान स्किझोफ्रेनियाचं होतं. या आजाराला स्किझोफ्रेनिया हे नाव देणारे डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर याच रुग्णालयाचे अनेक वर्षं प्रमुख होते. त्यांनी ते नाव १९०८ मध्ये मांडलं. म्हणजे त्या काळी या आजारासाठी जगात याहून नावाजलेली जागा क्वचितच असेल.

तुमच्या लक्षात आलं असेल की वय तेच आहे. पुरुषांमध्ये हा आजार बहुधा अठरा ते पंचविशीच्या दरम्यान सुरू होतो, स्त्रियांमध्ये थोडा उशिरा. हेच वय शिक्षण संपण्याचं, नोकरी लागण्याचं, प्रेमात पडण्याचं असतं. त्यामुळे सुरुवातीला घरच्यांना वाटतं की मुलगा आळशी झाला, संगत बिघडली, कुणीतरी करणी केली. एडुआर्डच्या बाबतीतही प्रेमभंग हे कारण सांगितलं गेलं. ताणाने आजार उसळू शकतो हे खरं, पण प्रेमभंग हजारोंचे होतात आणि त्या सगळ्यांना स्किझोफ्रेनिया होत नाही.

मावशी झोर्का आणि रोखलेलं बोट

मिलेव्हांची धाकटी बहीण झोर्का हिलाही गंभीर मानसिक आजार होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात ती झुरिकला आली होती, तेव्हा तिलाही मनोरुग्णालयात ठेवावं लागलं होतं. त्यामुळे एडुआर्ड आजारी पडल्यावर आइनस्टाइन यांनी मनाशी पक्कं केलं की हे मुलाच्या आईच्या घराण्यातून आलं आहे. त्यांच्या पत्रांमधून ते स्पष्ट दिसतं. थोरल्या मुलाच्या लग्नालाही त्यांनी कडाडून विरोध केला होता, आणि त्यातही आनुवंशिकतेची भीती होती.

बघा, विश्वाचं गणित मांडणारा माणूसही घरात आजार आल्यावर माहेरकडे बोट दाखवून मोकळा झाला. तेव्हा आपल्या घरात कुणी तसं बोललं तर त्यात नवल नाही. पण ते बरोबर आहे का, ते आकड्यांवर तपासू.

शंभर माणसांमागे साधारण एकाला आयुष्यात कधीतरी स्किझोफ्रेनिया होतो. जवळच्या नात्यात हा आजार असेल तर शक्यता वाढते. पूर्वीपासून वापरले जाणारे ढोबळ आकडे असे आहेत :

- मावशी, मामा, काका किंवा आत्याला आजार असेल तर शंभरात तीन ते चार.
- सख्ख्या भावाला किंवा बहिणीला असेल तर शंभरात आठ ते दहा.
- आई किंवा वडील, दोघांपैकी एकाला असेल तर शंभरात दहा ते तेरा.
- एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकाला असेल तर दुसऱ्याला शंभरात चाळीस ते पन्नास.

हे आकडे उलट बाजूनेही वाचा. झोर्कासारखी मावशी असलेल्या शंभर भाच्यांपैकी शहाण्णव-सत्त्याण्णव जणांना हा आजार होत नाही. एडुआर्डचा सख्खा भाऊ हान्स अल्बर्ट हा त्याच आईचा मुलगा आणि त्याच मावशीचा भाचा. तो अमेरिकेत बर्कली इथे जलअभियांत्रिकीचा नामवंत प्राध्यापक झाला. नदीचं पाणी गाळ कसा वाहून नेतं यावरचं त्याचं काम आजही अभियंते वापरतात.

जुळ्यांचा आकडा तर सगळ्यात बोलका आहे. रक्तातली सगळी जनुकं सारखी असूनही निम्म्याहून जास्त वेळा दुसऱ्याला आजार होत नाही. म्हणजे घराण्यातून येते ती प्रवृत्ती. तिच्यावर इतर गोष्टींची भर पडते : गर्भारपणातले किंवा बाळंतपणातले अडथळे, कोवळ्या वयातलं गांजाचं व्यसन, मोठा ताण, घर सोडून अनोळखी जागी एकटं राहणं. शिवाय ही प्रवृत्ती एखाद्या जनुकाने ठरत नाही. शेकडो जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो आणि तो आई आणि वडील दोघांकडून येतो. या आजाराच्या शंभरातल्या साठहून जास्त रुग्णांच्या जवळच्या नात्यात कुणालाही स्किझोफ्रेनिया सापडत नाही.

म्हणून माझी विनंती आहे. डॉक्टर विचारतील तेव्हा नात्यातले आजार अवश्य सांगा, लपवू नका. निदानाला आणि औषध निवडायला त्याचा उपयोग होतो. पण ते सांगण्याची जागा तपासणीची खोली आहे. स्वयंपाकघरात आईला टोमणा म्हणून ते वापरू नका. कारण जिच्यावर दोष ठेवता, बहुतेक वेळा गोळ्याही तिच्याच हातून दिल्या जाणार असतात.

औषध नसलेली वर्षं

१९३३ मध्ये आइनस्टाइन मुलाला शेवटचे भेटले. हिटलर सत्तेवर आला होता आणि त्याच वर्षी ते अमेरिकेला गेले. अशा आजाराच्या माणसाला त्या काळी अमेरिकेत प्रवेश मिळणं जवळपास अशक्य होतं. वडील पैसे पाठवत राहिले, पण पत्रव्यवहार तुटत गेला आणि बाप-लेकाची पुन्हा भेट झाली नाही.

मग सगळा भार मिलेव्हांवर आला. एडुआर्ड कधी रुग्णालयात, कधी घरी. बरा असला की वाचायचा, पियानो वाजवायचा. बिघडला की त्याला आवरणं कठीण व्हायचं. रुग्णालयाचा आणि देखभालीचा खर्च इतका होता की नोबेलच्या पैशांतून घेतलेली घरं एकेक करून हातची गेली.

उपचार म्हणाल तर खरं औषध तेव्हा नव्हतंच. इन्सुलिन देऊन रुग्णाला बेशुद्ध करण्याची पद्धत १९३३ च्या सुमारास निघाली आणि ती एडुआर्डवरही वापरली गेली. ती पद्धत पुढे निरुपयोगी आणि धोकादायक ठरून बंद झाली. विजेच्या झटक्यांचे उपचार १९३८ मध्ये इटलीत सुरू झाले, तेही भूल न देता. त्यांनी एडुआर्डची स्मरणशक्ती खालावली असं त्याच्या भावाला वाटत असे. आज हा उपचार मोजक्या रुग्णांना, पूर्ण भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊनच करतात. आपल्याकडे २०१७ च्या कायद्याने तसं बंधनकारक केलं आहे.

स्किझोफ्रेनियावरचं पहिलं खरं परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझिन, पॅरिसमध्ये १९५२ मध्ये वापरात आलं. तेव्हा एडुआर्ड बेचाळीस वर्षांचा होता आणि आजाराला वीस वर्षं उलटून गेली होती. तुमच्या मुलाच्या हातात पहिल्याच महिन्यात जी गोळी पडते, तिच्यासाठी एडुआर्डला वीस वर्षं थांबावं लागलं असं समजा. तो आज जन्मला असता तर पूर्ण बरा झाला असता असा दावा मी करणार नाही. पण सुरुवातीची वर्षं उपचाराविना गेली की नुकसान जास्त होतं, हे आज आपल्याला पक्कं माहीत आहे.

आईनंतर

मिलेव्हांना पक्षाघाताचे झटके आले आणि ४ ऑगस्ट १९४८ रोजी झुरिकमध्ये त्या वारल्या. एडुआर्ड तेव्हा अडतीस वर्षांचा होता. भाऊ आणि वडील दोघेही अमेरिकेत. त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमला गेला. काही काळ तो झुरिकजवळच्या एका गावात एका धर्मोपदेशकाच्या घरी राहिला. तिथे तो बऱ्यापैकी रमला होता. पण अशी सोय कायम टिकली नाही आणि तो परत बुर्गहोल्झलीत आला. तिथे तो बागेत काम करायचा. कार्ल झेलिग नावाचे लेखक मात्र त्याला आवर्जून भेटायचे, फिरायला न्यायचे. रक्ताचं काही नातं नसताना या माणसाने ही मैत्री निभावली.

१९५५ मध्ये आइनस्टाइन गेले. २५ ऑक्टोबर १९६५ रोजी पक्षाघाताने एडुआर्डचाही मृत्यू झाला. वय पंचावन्न.

इथे जनरल फिजिशियन म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. स्किझोफ्रेनिया असलेली माणसं इतरांपेक्षा सरासरी दहा ते वीस वर्षं लवकर जातात, आणि त्यांतले बहुतेक मृत्यू हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह अशा आजारांनी होतात. तंबाखू, बैठं आयुष्य, काही औषधांनी वाढणारं वजन आणि शरीराच्या तक्रारींकडे होणारं दुर्लक्ष ही त्याची कारणं. आईला पक्षाघात, मुलालाही पक्षाघात. त्या घरात मनाच्या आजाराचा वारसा सगळ्यांनी मोजला. घराण्याचा इतिहास काढायचाच असेल तर बीपी, शुगर आणि हृदयाचाही काढा. दर सहा महिन्यांनी वजन, बीपी, शुगर आणि वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल तपासा. हे काम तुमच्या जवळचा साधा डॉक्टरही करू शकतो.

त्याच रुग्णालयातून आलेली चांगली बातमी

एडुआर्डची गोष्ट एवढीच सांगितली तर तुम्ही खचून जाल. पण पुढचा भागही खरा आहे.

१९४२ पासून बुर्गहोल्झलीचे प्रमुख होते मानफ्रेड ब्लॉयलर, म्हणजे आजाराला नाव देणाऱ्या डॉक्टरांचे चिरंजीव. त्यांनी तिथे दाखल झालेल्या २०८ रुग्णांचा वीस वर्षांहून जास्त काळ स्वतः पाठपुरावा केला आणि १९७२ मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. तोपर्यंत समज असा होता की हा आजार माणसाला उताराला लावतो आणि उतरण कधी थांबत नाही. त्यांना वेगळंच दिसलं. साधारण पाच वर्षांनंतर बहुतेकांचा आजार आणखी खालावत नव्हता, उलट अनेकांमध्ये सुधारणा होत होती. साधारण पाचातला एक पूर्ण बरा झाला होता. कायमचे रुग्णालयात अडकणारे थोडे होते. या रुग्णांच्या मुलाबाळांकडेही त्यांनी लक्ष दिलं, आणि त्यांतली बहुसंख्य निरोगी निघाली.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात २६९ जुनाट रुग्णांचा सुमारे ३२ वर्षांनी शोध घेतला गेला. त्यातही निम्म्याहून जास्त जण बरे झालेले किंवा बरेच सुधारलेले आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासांमध्ये आग्रा आणि चंदीगड इथल्या रुग्णांची वाटचाल श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा चांगली दिसली. कारणांवर वाद आहेत, पण घरातलं स्थान टिकणं आणि हाताला काही काम असणं यांचा त्यात वाटा असावा असं अनेक तज्ज्ञांना वाटतं.

आपल्या मराठी माणसांतलंही एक उदाहरण आहे. मूळचे धुळ्याचे प्राध्यापक जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात शिकवत. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. उलट १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. २००४ चा देवराई हा मराठी चित्रपटही त्यांच्याच पुढाकारातून आला. संस्थेचं पुनर्वसन केंद्र धायरीला आहे. तिथे रुग्णांसाठी उपक्रम चालतात आणि कुटुंबांचे मदतगट भरतात. एकदा तिथे जाऊन बसा. आपल्यासारखीच इतर घरं पाहिली की छातीवरचं ओझं निम्मं होतं.

तुम्ही आज काय करू शकता

- बरं वाटलं म्हणून औषध बंद करू नका. आजार उलटण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं. सुस्ती, थरथर, वजन वाढणं असा त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. रोज गोळी जमत नसेल तर महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही आहेत.
- रात्रपाळी टाळा. झोप मोडली की लक्षणं डोकं वर काढतात. कंपनीकडे कायम दिवसपाळी मागण्यासाठी डॉक्टरांचं पत्र घ्या.
- गांजा आणि दारू पूर्ण बंद. घरातल्या धाकट्या भावंडांनाही हे सांगा, त्यांच्यासाठी हा धोका इतरांपेक्षा जास्त आहे.
- लग्न लावलं की सुधारेल, असा विचार करू नका. लग्न करायचंच असेल तर समोरच्या घराला आधी सगळं सांगून करा.
- कामगार ईएसआयमध्ये असेल आणि स्वतःच आजारी पडला असेल तर दीर्घ आजारांच्या यादीत मानसिक आजारही येतो. वाढीव आजारपण लाभ मिळू शकतो का, हे ईएसआय कार्यालयात विचारा.
- आमच्यानंतर काय, हा प्रश्न आत्ताच कागदावर आणा. आजार दीर्घकाळ काम करू देत नसेल तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढा. पीएफच्या पेन्शन योजनेत कायमस्वरूपी पूर्ण अपंग अपत्यासाठी वयाची अट नसलेली तरतूद आहे, तिची चौकशी करा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार रुग्ण बरा असताना स्वतःच लिहून ठेवू शकतो की पुढे उपचार कसे हवेत आणि आपल्या वतीने कुणी बोलावं.
- एक माणूस जोडून ठेवा. भाऊ, चुलत बहीण, मित्र, शेजारी, कुणीही. औषधाचं नाव आणि डॉक्टरांचा नंबर त्याच्याकडेही असू द्या. झेलिग यांच्यासारखा एखादा माणूस आई-वडील असतानाच शोधायचा असतो.

जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, खाणं-पिणं सोडणं, कानात हुकूम सोडणारे आवाज किंवा मारहाण, यांतलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सल्ला हवा असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो.

आणि तुम्ही स्वतः रुग्ण असाल आणि हे वाचत असाल, तर तुमच्यासाठी दोन शब्द. हा आजार तुमच्या चुकीमुळे झालेला नाही, तुमच्या आईच्या चुकीमुळेही नाही. एडुआर्डच्या काळात नसलेली औषधं आज तुमच्याकडे आहेत. पुढच्या तपासणीला याल तेव्हा झोप कशी लागते, गोळ्यांचा काय त्रास होतो आणि तुम्हाला कुठलं काम करावंसं वाटतं, हे तीन मुद्दे चिठ्ठीवर लिहून आणा. आपण तिथून सुरुवात करू.